घडी

ब्रॅडफर्डच्या इस्पितळात रात्रपाळीला मी रक्त वाचते.
तळघर, तीन फ्रिज, आणि एक खिडकी,
जिच्यातून फक्त येणाऱ्याजाणाऱ्यांचे बूट दिसतात.
नळीवर नाव नसतं, पट्ट्यापट्ट्यांचा आकडा असतो,
तरी काही नमुने ओळखीचे झालेत.
हा मॅनिंगहॅमचा. नऊ वर्षांचा. पुन्हा आलाय.

एकशे सेहेचाळीस मण्यांची माळ,
सहावा मणी तेवढा बदललेला.
त्या मण्याला पाणी सोसत नाही.
श्वास उतरला की तो शेजाऱ्याला धरतो,
शेजारी त्याच्या शेजाऱ्याला,
आणि बशीसारखी गोल पेशी वाकते.
अंगात ना गवत, ना कापणी,
तरी विळा.

निरोगी रक्तात चौघं असतात.
पंगतीत पहिला घास कोणी घ्यायचा म्हणून
खोळंबलेल्या पाहुण्यांसारखे चौघं.
एकाने प्राणवायू उचलला
की उरलेल्यांचा संकोच सुटतो, सगळे जेवायला लागतात.
हे मी आठ वाजता घरी जाताना
बसमध्ये आठवून उगाच हसते.

आमच्या खालच्या मजल्यावर वॉल्टर ॲक्रॉइड.
शिपलीच्या गिरणीत बेचाळीस वर्षं
लोकर निवडायचा, डोळे मिटून, बोटांनी.
मी नवी आले तेव्हा त्याने मला जिन्यात शिकवलं होतं:
ओला धागा ताण. सोड. बघ, आला ना परत?
लोकर विसरत नाही, सुला.
(सुलक्षणा त्याला कधीच जमलं नाही.)
मी म्हटलं, आत पीळ असतो, वॉल्टर,
मळसूत्रासारखा, आणि गंधकाचे टाके असतात अधूनमधून.
तो म्हणाला, ते मला माहीत नाही,
पण बरोबर आहे.

त्याच्या गुडघ्यांत अजून तिपेडी वेणी आहे,
तीन धागे, दर तिसरा मणी सगळ्यात लहान
कारण मधे तेवढीच जागा.
म्हणून तो जिना चढतो.
त्याच्या रक्तात बेचक्या फिरतात, दोन टोकांच्या,
गेल्या हिवाळ्यातला फ्लू अजून ओळखतात.
तो मात्र मला ओळखत नाही, निदान मंगळवारपासून.

डोक्यात कुठेतरी एक प्रथिन
नीट दुमडायचं ते सपाट झालं,
सपाटावर सपाट, थप्पी.
गंमत अशी की रेशमात हीच थप्पी ताकद असते.
कोळ्याचं जाळं त्यावर वारा झेलतं.
रचना तीच, जागा चुकली.
आमच्यात म्हणतात, संसाराची घडी बसली,
घडी विस्कटली.
हे इथे कोणाला समजावू?
इंग्रजीत मी फक्त म्हणते, हो, त्यांची तब्येत बरी नाही.

रविवारी मी त्याच्यासाठी अंडी उकडते.
पांढरं घट्ट झालं की झालं,
कोणी प्रयोगशाळेत परत पातळ केलंही असेल,
माझ्या पातेल्यात नाही.
तो विचारतो, तू कोण?
मी म्हणते, वरची.
तो विचारतो, वरची कोण?
मीठ पुढे करते.

मग तो माझ्या स्वेटरची बाही चिमटीत धरतो.
नुसता धरत नाही, अंगठ्याने उलट सुलट फिरवतो,
डोळे मिटतात,
आणि चेहऱ्यावर असं काही येतं
जे मला महिनाभर दिसलं नव्हतं.

"वेन्स्लीडेल," तो म्हणतो.
"पहिल्या वर्षाची कातर. कोणी फसवलं नाही तुला."

मी काही बोलत नाही.
दुकानात त्यावर काय लिहिलं होतं, मी वाचलंच नव्हतं.
बाही त्याच्या हातात राहू देते,
अंडं गार होतं.